चिप झोपली, बोर्ड जागाच

मागच्या अंकात शेतातल्या वायरलेस सेन्सरच्या जाळ्याबद्दल लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. तक्रारी मुख्यतः दोन. बॅटरी टिकत नाही, आणि आकडे मधेच यायचे थांबतात. चौदा वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आणि आता नाशिक परिसरातल्या बागांमध्ये हीच यंत्रं लावत फिरते. माझा अनुभव असा की या दोन तक्रारी बहुधा एकाच दुखण्याच्या असतात. पाच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या दोन एकर थॉमसनच्या बागेत मुलानं स्वतः बनवलेले सहा नोड (सेन्सर, चिप आणि रेडिओ असलेले डबे) आहेत. जमिनीचा ओलावा, पानांचा ओलेपणा आणि तापमान मोजून दर दहा मिनिटांनी लोरा या लांबवर पोचणाऱ्या रेडिओवरून घरी पाठवतात. वाचन झालं की तो सेन्सरची वीज तोडतो आणि चिपला झोपवतो. झोपेत चिप 10 मायक्रोअँपिअरच घेते, म्हणून 2600 मिलिअँपिअर-तासांची एक बॅटरी वर्षभर जाईल असा त्याचा हिशोब. जाते पंधरा दिवस. बॅटऱ्या डुप्लिकेट असतील का?
— द्राक्ष बागायतदार, निफाड

दादा, बॅटरी बहुतेक खरी आहे आणि मुलाचा हिशोबही चिपपुरता बरोबर आहे. सेन्सरची वीज तोडण्याचं त्याला स्वतःहून सुचलं, याचं मला फार कौतुक वाटलं. पण चिप झोपली तरी ती ज्या बोर्डवर बसली आहे तो बोर्ड जागाच असतो.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत चिपच्या शेजारी तीन पायांचा काळा चौकोन दिसतो. तो एएमएस 1117 हा रेग्युलेटर, बॅटरीचं व्होल्टेज उतरवून चिपला नेमकं 3.3 देणारा. बाजारातल्या स्वस्त बोर्डांवर सर्रास हाच असतो. नोड काम करो वा न करो, हा स्वतःच्या पोटासाठी 5 मिलिअँपिअर खातो. त्याच्या बाजूला लाल दिवा आहे, तो आणखी साधारण 1. झाले 6 मिलिअँपिअर, चोवीस तास. दिवसाला 144 मिलिअँपिअर-तास. 2600 ला 144 नं भागा, अठरा दिवस येतात.

मग अठरा का नाही, पंधराच का? तेही याच रेग्युलेटरमुळे. 3.3 व्होल्ट द्यायचे तर याला आत त्याहून सुमारे 1 व्होल्ट जास्त लागतो. तुमची बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच 4.2 देते, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच ओढाताण. बॅटरी 3.6 च्या आसपास उतरली की चिपपर्यंत 2.6 पोचतात, आणि या बोर्डवरची चिप 2.7 च्या खाली स्वतःला रीसेट करते. रेडिओ बोलायला लागला की व्होल्टेज आणखी खाली बसतं. नोड उठतो, बोलायला जातो, पडतो, पुन्हा उठतो. तुम्हाला वाटतं बॅटरी संपली, आणि तिच्यात सहाव्या हिश्शाएवढा चार्ज शिल्लक असतो. शेवटच्या दोन-तीन दिवसांत आकडे तुटक येत असतील तर कारण हेच. रेंजला दोष देऊ नका.

आता मोजायचं कसं, कारण माझ्या शब्दावर विसंबण्याऐवजी मुलानं स्वतः मोजावं. मल्टिमीटर बॅटरीच्या वायरमध्ये ओवायचा आणि मायक्रोअँपिअरवर ठेवायचा. अडचण अशी की त्या रेंजवर मीटर स्वतःच व्होल्टेज खातो. नोड उठला की त्याला वीज कमी पडते आणि तो झोपेपर्यंत पोचतच नाही. म्हणून मीटरच्या दोन टोकांना आधी एका वायरच्या तुकड्यानं जोडून ठेवायचं. नोड उठू दे, वाचन करू दे, पाठवू दे, झोपू दे. झोपला की तुकडा अलगद काढायचा, मग मीटरवर जो आकडा दिसेल तो खरा झोपेचा खर्च. नोड पुन्हा उठायच्या आत तुकडा परत लावायचा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा 20 दिसेल म्हणून बसले होते आणि मीटर रेंजच्या बाहेर गेला होता. हजारांच्या घरात.

इलाज सोल्डरिंग गनचा. लाल दिवा उचकटून काढा. रेग्युलेटर काढून त्या जागी एचटी 7333 किंवा एमसीपी 1700 बसवा. हे दोन-चार मायक्रोअँपिअरवर जगतात आणि त्यांना आत जास्तीचं व्होल्टेजही फार कमी लागतं. पायांची रचना वेगळी असते, डेटाशीट बघूनच जोडा. रेडिओच्या वीजपायांजवळ 220 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, बोलतानाचा झटका तो सोसतो.

यानंतरचा हिशोब बघा. झोपेत सगळं मिळून 20 मायक्रोअँपिअर धरले तर दिवसाला अर्धा मिलिअँपिअर-तास. दिवसाचे 144 संदेश, प्रत्येक 20 बाइटचा, सर्वांत वेगवान सेटिंगवर साधारण 57 मिलिसेकंदांचा. पूर्ण ताकदीनं 120 मिलिअँपिअर ओढले तरी दिवसभराचं सगळं बोलणं पाव मिलिअँपिअर-तासाच्या आसपास. वाचनाला आणखी पाऊण. एकूण दीडच्या जवळपास. कागदावर चार वर्षांहून जास्त निघतात. बॅटरीची स्वतःची झीज, उन्हानं तापणारा डबा, हे धरून मी दोन वर्षं सांगते, आणि दोन वर्षं मी स्वतः पाहिली आहेत.

प्रश्न : आमच्या शेतकरी गटाचे चाळीस नोड एकाच गेटवेवर (सगळ्यांचे संदेश ऐकून घेणाऱ्या यंत्रावर) आहेत, दर पाच मिनिटांनी बोलतात. ऑक्टोबर छाटणीनंतर सगळं सुरळीत होतं, डिसेंबरात लांबच्या बागांचे आकडे गळायला लागले. लावणाऱ्यानं येऊन सगळ्या नोडांचा स्प्रेडिंग फॅक्टर 12 केला आणि ताकद पूर्ण वाढवली. तर आता जवळच्यांचेही आकडे गळतात. असं उलटं कसं झालं?
— तासगाव तालुका

छाटणीनंतर तुमची बाग म्हणजे नुसत्या काड्या. डिसेंबरात मांडव पानांनी भरलेला, सकाळी दवानं निथळणारा. तुमच्या नोडांचे अँटेना तारांच्या खाली, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर आहेत असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे डोक्यावर लोखंडी तारांची जाळी आणि चारी बाजूंनी पाणी भरलेली पानं. ऑक्टोबरात चाललं ते पानं नव्हती म्हणून.

रेडिओची लाट दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही. तिला मधे फुगवटा लागतो. 865 मेगाहर्ट्झवर 500 मीटरच्या अंतरात मध्यावर या फुगवट्याची त्रिज्या साडेसहा मीटरच्या आसपास भरते. तेवढी मोकळी जागा शिवारात मिळणार नाही, पण जेवढी मिळेल तेवढी कमवायची. पीव्हीसी पाइप किंवा बांबू घ्या आणि अँटेना तारांच्या वर किमान एक मीटर काढा. गेटवेचा अँटेना पाण्याच्या टाकीवर चढवा, पण गेटवेचा डबाही तिथंच अँटेनापाशी ठेवा. खालच्या खोलीपर्यंत 10 मीटर बारीक केबल ओढलीत तर निम्म्याहून जास्त ताकद केबलमध्येच विरते.

आता उलटं कसं झालं ते. स्प्रेडिंग फॅक्टर वाढवणं म्हणजे तेच वाक्य फार सावकाश बोलणं. लांबचा माणूस समजू शकतो हे खरं, पण वेळ किती लागतो बघा. 20 बाइटचा संदेश फॅक्टर 7 वर 57 मिलिसेकंदांत संपतो. 12 वर त्याला 1.3 सेकंद लागतात. चाळीस नोड, प्रत्येकी 1.3 सेकंद, दर 300 सेकंदांत. हवा 17 ते 18 टक्के वेळ भरलेली. कुणी कधीही बोलायचं अशा पद्धतीत दोन संदेश एकमेकांवर आदळण्याचं गणित हवाईच्या विद्यापीठात 1970 च्या सुमारास अलोहा जाळ्यासाठी मांडलं गेलं, ते इथं लावलं तर दहांतले तीन संदेश वाया जातात. प्रत्यक्षात जवळचा जोरदार नोड अधूनमधून जिंकतो, त्यामुळे थोडे कमी. हेच चाळीस जण फॅक्टर 7 वर असते तर शंभरात एक-दोन गेले असते. आणि प्रत्येक संदेशाला बॅटरीतून तेवीसपट वीज जाते ती वेगळीच. लावणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण एकाला ऐकू येत नाही म्हणून सगळ्यांनी ओरडायचं ठरवलं की कुणालाच ऐकू येत नाही.

आधी अँटेना वर काढा. मग सगळ्यांना 7 वर आणा आणि दोन दिवस बघा. जे खरोखर लांब आहेत, तुमच्या नकाशावरून पाच-सहाच दिसतात, त्यांना 9 किंवा 10 द्या. वेगवेगळ्या फॅक्टरचे संदेश एकमेकांना फारसे त्रास देत नाहीत, हा लोराचा मोठा गुण आहे. आणि द्राक्षाला पाच मिनिटांची घाई कशाला? पंधरा मिनिटं पुष्कळ झाली.

एक बारीक गोष्ट राहिली. तुमचे नोड घड्याळ बघून बरोबर 00, 05, 10 ला उठत असतील तर वरचं गणितही लागू पडत नाही, कारण सगळे एकदमच बोलतात. उठल्यावर प्रत्येकानं वेगळा, दर वेळी बदलता विलंब घेऊन मग बोलावं. कोडमधली एक ओळ आहे.

प्रश्न : मॅडम, मी शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये 'लीच' प्रोटोकॉल (नोडांचे क्लस्टर, म्हणजे गट, करून आळीपाळीनं त्यांचा प्रमुख नेमायची पद्धत) सुधारून नेटवर्कचं आयुष्य 30 टक्क्यांनी वाढवलं आहे, सगळं सिम्युलेशनमध्ये. गाइड म्हणतात पेपर पाठवू. पण तुमचा लेख वाचून शंका आली, हे खऱ्या शेतात चालेल का?
— विद्यार्थी, पुणे

शंका आली हेच उत्तम झालं. तू पाठवलेल्या फाइलमध्ये प्रत्येक नोडला सुरुवातीची ऊर्जा 0.5 जूल आहे. हा आकडा 2000 साली एमआयटीतून लीच मांडला गेला तेव्हापासून चालत आलाय आणि तुलनेसाठी तो ठीकही होता. पण एकदा तो हातात धरून बघ. निफाडच्या दादांच्या बॅटरीत सुमारे 34 हजार जूल आहेत. दुसरीकडे, सीसी 2420 हा सेन्सर नोडांमधला एके काळचा नेहमीचा रेडिओ घे. 3 व्होल्टवर तो नुसता ऐकत बसला तर 18.8 मिलिअँपिअर घेतो. 0.5 जूल किती वेळ पुरतील? नऊ सेकंद. एकही बिट न पाठवता तुझा नोड नवव्या सेकंदाला मेलेला असेल.

याच रेडिओला पूर्ण ताकदीनं बोलायला 17.4 लागतात. म्हणजे ऐकणं बोलण्याहून महाग आहे. तुझ्या मॉडेलमध्ये पाठवलेल्या आणि मिळालेल्या बिटांचा खर्च आहे, पण कुणी बोलेल म्हणून कान देऊन वाट बघण्याचा खर्च शून्य धरलाय. खऱ्या जाळ्यात सगळ्यांत मोठा खर्च तोच असतो. क्लस्टरचा प्रमुख कोण व्हावं यावर तू चार महिने घालवलेस, पण प्रमुख झालेला नोड पूर्ण फेरी जागा राहतो, त्याची किंमत कुठंच मोजली नाहीस.

नेदरलँड्समध्ये बटाट्याच्या शेतात करपा रोगावर लक्ष ठेवायला शंभरेक नोडांचं जाळं लावलं होतं. डेल्फ्टच्या संशोधकांनी 2006 साली प्रामाणिकपणे लिहून टाकलं की हाती आलेली माहिती 2 टक्के होती. एवढी कबुली द्यायला धैर्य लागतं, आणि त्यांच्या त्या अपयशातून या क्षेत्रातले कितीतरी जण शिकले, मीही. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीच्या गटानं नाशिकला सुलाच्या द्राक्षमळ्यात असं जाळं लावलं, तेही वाच.

गाइडना नाराज करायचं नाही हे मला कळतं. पेपर जाऊ दे, पण सोबत एक खरं मोजमाप जोड. माझी सूचना: दोन नोड घे आणि त्यांची घड्याळं जुळवून एक गच्चीवर उन्हात, एक घरात ठेव. घड्याळाच्या साध्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत 20 चा फरक असला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, आणि तापलेल्या डब्यात तो किती सरकतो हे तूच मोज. का? कारण ऐकण्याचा खर्च वाचवायचा तर दोघांनी ठरलेल्या क्षणी उठायला हवं. घड्याळ जितकं सरकतं तितकं आधी उठून वाट बघावी लागते आणि बॅटरी त्या वाट बघण्यात जाते. एवढा एक आलेख नीट काढलास तर तो तुझ्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त लोकांच्या उपयोगी पडेल. काढलास की मला पाठव, मी मनापासून वाट बघेन.

प्रश्न : कुळागरात लावायला ऑनलाइन 915 मेगाहर्ट्झचं मॉड्यूल स्वस्त मिळतंय. घेऊ का?
— डिचोली, गोवा

नको. आपल्याकडे विनापरवाना वापरासाठी 865 पासूनचा पट्टा मोकळा आहे, 915 मोबाइलच्या पट्ट्याला जाऊन भिडतं. मॉड्यूलबरोबर आलेला अँटेनाही तपासा. 433 चा अँटेना 865 च्या रेडिओला लावलेला मी अनेकदा पाहिलाय, दिसायला सारखेच. शंका आली तर साधी वायर लावा, 8.6 सेंटिमीटर, सरळ उभी. पोफळींच्या दाटीत, पावसाळ्यात, अंतराच्या फार अपेक्षा ठेवू नका, शंभर-दीडशे मीटरवर चाचणी घेऊन मगच पुढचा नोड रोवा.

प्रश्न : गेटवे घरात आहे. लाईट गेली की तेवढ्या वेळचे आकडे जातात. मधली जागा सरासरी काढून भरली तर चालेल का? पानांच्या ओलेपणावरून आम्ही डावणीची (ओल्या पानांवर वाढणाऱ्या बुरशीची) फवारणी ठरवतो.
— द्राक्ष बागायतदार, पंढरपूर तालुका

तापमानाला एखाद्या तासापुरतं चालेल. पानांच्या ओलेपणाला अजिबात नाही. हे मी इतक्या ठामपणे का म्हणते, ते सांगायला हवं.

तीन वर्षांपूर्वी दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेत मी आठ नोड लावले होते. नोव्हेंबर, बाग फुलोऱ्यात, संध्याकाळी अवकाळीचा शिडकावा झालेला. रात्री अकराला वीज गेली ती सकाळी सहाला आली. गेटवे बंद, नोड मात्र रात्रभर बोलत होते, ऐकायला कुणी नव्हतं. माझ्या प्रोग्रॅममध्ये न आलेल्या आकड्याच्या जागी शून्य पडत होतं. शेतकऱ्यानं सकाळी मोबाइल बघितला: पानं ओली राहिल्याचे तास, शून्य. त्यानं फवारणी पुढं ढकलली. आठवड्याभरात घडांवर डावणी दिसली. मी गेले तेव्हा तो मला एका ओळीत घेऊन गेला आणि एक घड हातात दिला, पांढरी बुरशी धरलेला. बोलला काहीच नाही. तो कोड माझा होता, ते शून्य माझं होतं. घरी येऊन त्याच रात्री मी सगळ्या बागांचा प्रोग्रॅम बदलला.

तुमच्याकडे काय करायचं ते सांगते. गेटवेला आणि राऊटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, काही तास निघतात. प्रत्येक संदेशाला चढता क्रमांक द्या, म्हणजे 412 नंतर 415 आला की मधले दोन हरवले हे गेटवेला कळतं. प्रत्येक संदेशात आधीची दोन वाचनंही जोडा. त्यानं संदेश 12 बाइटनं वाढतो, वेळ जेमतेम 15 मिलिसेकंदांनी. पुन्हा पाठवण्यापेक्षा आणि पोच मिळते का म्हणून ऐकत बसण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. एखाद-दुसरा संदेश गळाला तरी पुढचा त्याची भरपाई करतो. सात तासांचं खिंडार मात्र त्यानं भरत नाही, त्यासाठी नोडवर 32 किलोबाइटची 24सी256 ही मेमरी लावा. दिवसाला 144 वाचनं, प्रत्येकी 20 बाइट, तर अकरा दिवस मावतात. गेटवेकडून पोच मागायची ती तासातून एकदाच. वाचनं नोडनं कायमच साठवत राहायचं, आणि पोच थांबल्यानंतर गेटवे परत भेटला की शेवटच्या पोचेनंतरचं जुनं सावकाश, मधे वेळ सोडत पाठवायचं. एकदम ओतायचं नाही, नाहीतर सगळे नोड एकाच वेळी ओततील आणि तासगावकरांसारखी गत होईल.

ओलेपणाच्या सेन्सरबद्दल एक, जे कुठल्या माहितीपत्रकात मला आढळलं नाही. बोर्डो किंवा गंधकाची फवारणी झाली की त्याच्या पट्ट्यांवर थर बसतो आणि सेन्सर कोरड्या दुपारीही ओलं दाखवत राहतो. प्रत्येक फवारणीनंतर साध्या पाण्यानं, मऊ फडक्यानं पुसा. गड्याला सांगून ठेवा, फवारणीच्या कामातच ते धरा.

आणि पडद्यावर न आलेल्या तासाच्या जागी शून्य नको, सरासरी नको. माझ्या सगळ्या बागांमध्ये तिथं आता लाल अक्षरांत 'माहिती नाही' असं येतं. सलग तीन तास तसं आलं तर शेतकऱ्याच्या मोबाइलवर घंटी वाजते, रात्री कितीही वाजले असले तरी. दिंडोरीचा तो शेतकरी अजूनही माझेच नोड वापरतो. गेल्या नोव्हेंबरात पहाटे चारला त्याची घंटी वाजली, तेव्हा तो टॉर्च घेऊन बागेत गेला आणि पानं हातानं चाचपून आला. ओली होती. सकाळी सातला त्यानं पंप सुरू केला.